मानसिंगच्या अंगणातली माती

१

मी ग्रामसेवक आहे. वेल्हे तालुक्यातलं एक गाव आणि त्याच्या पाच वाड्या माझ्याकडे आहेत. राहायला मात्र किकवीत, वडिलांनी हायवेच्या कडेला बांधलेल्या घरात. सकाळी साडेआठला मोटारसायकल काढायची, नसरापूरला आत वळायचं, मार्गासनीला चहा घ्यायचा आणि पुढं कामाला लागायचं. सहाच्या सुमारास परत. फाटकाची कडी काढायची, ओसरीत खाटेवर बसलेल्या आईला "जेवलीस का?" विचारायचं आणि तिचं उत्तर यायच्या आत घरात शिरायचं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन दिवाळीनंतर करू, असं मी दोन दिवाळ्या म्हणत होतो.

गेल्या वर्षी जुलैत वरून आदेश आला. सव्वीस तारखेला, कारगिल विजय दिवसाला, तालुक्यातल्या प्रत्येक शहीद जवानाच्या अंगणातली मूठभर माती कलशात गोळा करायची. जिल्ह्याला स्मारक व्हायचं होतं, त्याच्या पायात ती माती जाणार होती. सोबत एक फॉर्म. जवानाचं नाव, माती कुठून घेतली, वारसाची सही किंवा अंगठा.

माझ्याकडे एकच नाव होतं. मानसिंग, पाखरमाळचा. त्याच्या सात वर्षं आधी उत्तरेत कुठंतरी बर्फाचा कडा चौकीवर कोसळला, त्यात गेला. अकराव्या दिवशी सापडला. पेटी आली ती बंदच, उघडू नका असं सांगितलेलं. मी तेव्हा या गावाला नव्हतो. त्याची आई बनाबाई पाखरमाळावर एकटी राहते, एवढंच मला माहीत होतं.

पंचवीस तारखेला मी निघालो. चार दिवस पाऊस धरला होता. पाखरमाळाला गाडीरस्ता नाही. फाट्यावर गाडी लावायची, साकवावरून ओढा ओलांडायचा आणि वीस मिनिटं चढायचं. साकवावरून पाणी जात होतं.

नंतर सगळ्यांना मी हेच सांगितलं, की साकवावरून पाणी जात होतं. ते खरं होतं. पण पाणी घोट्याएवढं होतं. माझ्यासमोर एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पलीकडून आली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मी पाच मिनिटं उभा राहिलो. रेनकोटच्या आत पाणी शिरलं होतं, भूक लागली होती. मी गाडी वळवली.

घरी आलो तेव्हा नूतन, माझी बायको, गिरणीत गेली होती. फाटकाच्या आत, मोगऱ्याच्या बुडाशी मी खुरपं घातलं. मूठभर माती पिशवीत भरली आणि वर चिठ्ठी लावली : शहीद मानसिंग, पाखरमाळ. फॉर्मवर वारसाच्या चौकटीत माझाच डावा अंगठा उमटवला. माती ती माती, असं स्वतःशी म्हणालो. ते मोठ्यानं म्हटलं गेलं असावं, कारण ओसरीतून आईनं विचारलं, "कुनाशी बोलतोयस रं?"

२

कार्यक्रम तालुक्याच्या गावी एका हॉलमध्ये होता. पितळी कलश, झेंडूच्या माळा, शाळेतल्या मुली पांढऱ्या ड्रेसात. पहिल्या रांगेत शहिदांच्या घरच्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर नावाचा कागद होता. "वीरमाता बनाबाई" ही खुर्ची रिकामी होती.

"स्वरूपराव, त्या आल्या नाहीत?" आमचे विस्तार अधिकारी आनंदराव यांनी विचारलं.

"ओढ्याला पाणी आहे, साहेब."

"अरेरे. पण माती मिळाली ना?"

"मिळाली."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "एवढ्या पावसात गेलात. शाबास."

एकेका नावाला "अमर रहे" होत होतं. ज्यानं माती आणली त्यानं माईकवर सांगायचं आणि ती कलशात टाकायची. माझी पाळी आली. "शहीद मानसिंग यांच्या अंगणातली माती," मी म्हणालो. माझा आवाज स्पीकरमधून माझ्याकडेच परत आला. माती पिशवीला चिकटली होती, ती झटकावी लागली. त्यात आमच्या न्हाणीघरातल्या निळ्या फरशीचा एक तुकडा होता. तो कलशात वाजला.

मग दोन मिनिटं स्तब्धता. दोनशे माणसं मान खाली घालून उभी. वर पत्र्यावर पाऊस. मी स्टेजच्या कडेला, भिंतीला लागून उभा होतो.

अर्धा-एक मिनिट झालं असेल. मागून कुणीतरी चालत आलं. बुटांच्या टाचा फरशीवर ठक ठक वाजत होत्या, घाई नव्हती. कुणी माजी सैनिक उशिरा पोचले असतील असं वाटलं. पावलं माझ्या अगदी पाठीशी येऊन थांबली. ओल्या लोकरीचा वास आला, भिजलेल्या स्वेटरला येतो तसा.

"विश्राम," माईकवरून आवाज आला. मी वळून पाहिलं. माझी पाठ भिंतीला टेकलेली होती. मागं कुणी उभं राहील एवढी जागाच नव्हती.

३

त्याच संध्याकाळी मी आतल्या खोलीत मोबाईल बघत पडलो होतो. फाटकाची कडी वाजली.

"आलात का?" स्वयंपाकघरातून नूतननं सवयीनं विचारलं. मग तिला आठवलं असावं. ती दारात आली, मला पाहून हसली. मी उठून बाहेर गेलो. फाटक बंद होतं, कडी जागच्या जागी. सातला दहा मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेच. तिसऱ्या दिवशीही. आमच्या घरासमोरून कंटेनर जातात, कधी कधी भांडीसुद्धा वाजतात, हे मी नूतनला समजावून सांगितलं. कडीला तेल घातलं. पाचव्या दिवशी बांधकामाची तार आणून कडी फाटकाला आवळून बांधली आणि ओसरीच्या खिडकीत उभा राहून पाहत राहिलो.

सातला दहा कमी. तार जशीच्या तशी होती. आवाज आला. कडी वर उचलली गेल्याचा, मग खाली पडल्याचा.

त्यानंतर ओसरीच्या पायरीवर कुणीतरी बसलं. दिसलं काही नाही, पण दमलेला माणूस बसताना सोडतो तसा श्वास ऐकू आला. मग नाड्या सोडल्याचा आवाज. त्याला फार वेळ लागत होता, बोटं नीट वळत नसल्यासारखा. एक बूट खाली ठेवला गेला. मग दुसरा, पहिल्याच्या शेजारी. पायरीजवळच्या बादलीत तांब्या बुडाला, पाणी पायांवर ओतलं गेलं. मग सगळं शांत.

मी आत आलो. नूतननं टीव्हीचा आवाज वाढवला होता.

आठवड्यानंतर जेवताना आई म्हणाली, "आज लई बरं वाटलं रं."

"कशाचं?"

"बसलास की घटकाभर माज्यापाशी. किती दिसांनी बसलास." ती चाचपडत माझा हात शोधत होती. "हात लई गार पडलं व्हतं तुजं. पावसात हिंडू नगंस."

मी संध्याकाळभर खोलीतून हललो नव्हतो. तिच्याजवळ शेवटचा कधी बसलो होतो, ते मला आठवेना. आईनं त्या दिवशी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

४

ऑगस्टच्या मध्यावर पाऊस उघडला. घरपट्टीच्या नोंदी करायच्या होत्या, म्हणून पाखरमाळावर जावंच लागलं. निदान मी स्वतःला तसंच सांगितलं.

बनाबाईंचं घर वाडीच्या टोकाला आहे. दोन खण, पुढं सारवलेलं अंगण, अंगणात शिरताना बांबूचं फाटक आणि त्याला लोखंडी कडी. बाई साठीच्या पुढच्या, बारीक. भात लावून हातांना भेगा पडल्या होत्या.

"या भाऊसाहेब, टेका." त्यांनी घोंगडी अंथरली. आत भिंतीवर फोटो होता. गणवेशातला पोरगा, कान जरा पुढं आलेले, फोटोवाल्यानं हसू नको म्हटल्यावर ओठ मिटून घेतलेला. मी त्याच्याकडे पाठ होईल असा बसलो.

चहा देताना त्या म्हणाल्या, "एक इचारू का? हसायचं न्हाई."

"विचारा की, मावशी."

"माजा मानसिंग यायचा, भाऊसाहेब." त्या चुलीकडे बघत बोलत होत्या. "रोज. साडेसहाची यस्टी फाट्यावर येती. तिथनं चढून यायला ईस मिन्टं. तवा कडी वाजायची. सुट्टीवर आला की तसाच यायचा, तसाच येत ऱ्हायला. पायरीवर बसायचा, बूट काढायचा. म्या कदी वळून बगितलं न्हाई. बगितलं तर जाईल, आसं वाटायचं. नुसतं म्हनायची, पाय धुवून ये. आन भाकरी टाकायला घ्यायची. सात वरसं. कुनाला बोलले न्हाई, येडी म्हनतील."

मी कपबशी खाली ठेवली.

"तुमच्या त्या सव्वीस तारखेपास्नं बंद झालं," त्या म्हणाल्या. "सरपंच म्हनलं, तुमच्या आंगनातली माती नेली. म्हनलं, कवा? म्या भातात आसन, तवा कुनी येऊन गेलं आसंल. चांगलं हाय. सरकारनं बोलावलं, गेला आसंल मातीबरूबर. वरसातनं एक दिस तरी लोक नाव घेत्यात." त्या माझ्याकडे वळल्या. "पर मला निसतं सांगा, तुमीच नेली न्हवं? कुठनं घेतली?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. खरंच त्यांना ती जागा बघायची होती.

मी सांगू शकलो असतो. तिथं तिसरं कुणी नव्हतं.

"तिथून," मी म्हणालो आणि पायरीजवळचा कोपरा दाखवला.

बनाबाई उठल्या. कोपऱ्यात जाऊन उकिडव्या बसल्या. सारवण अखंड होतं, कुठं नखाएवढी खोच नव्हती. त्यांनी त्यावरून तळहात फिरवला, एकदा, दोनदा.

"बरं," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी मला पिशवीभर घरचे तांदूळ दिले. नको म्हणता आलं नाही.

५

ते तांदूळ मी घरी न नेता मार्गासनीच्या चहावाल्याला देऊन टाकले.

घरी सगळं वाढत चाललं होतं. आता पावलं पायरीवर थांबत नसत. ओसरीत येत. नूतननं एकदा धीर करून दार उघडलं होतं. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते, पायरीपासून आईच्या खाटेपर्यंत. परत गेलेले ठसे नव्हते. तिनं फडक्यानं पुसले, तेव्हा बोटं बधिर झाली, असं ती म्हणाली. फ्रीजमधल्या बर्फाला हात लावल्यासारखी.

आई मात्र खुलली होती. दुपारपासूनच केस विंचरून बसायची. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरायची, ते थांबलं. मी तिला ओरडून सांगायचो, "आई, मी आत्ता आलो, आत्ता!" ती म्हणायची, "व्हय, म्हाईत हाय," आणि स्वतःशी हसायची.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी नूतननं तिला चहा दिला, तेव्हा आई म्हणाली, "आज यडपटावानी काय इचारीत व्हता गं तुजा नवरा. म्हनं, आई, ह्ये घर कुनाचं?"

नूतननं माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो.

"मग तुम्ही काय म्हणालात?" तिनं विचारलं.

"काय म्हननार? म्हनलं, तुजंच की रं बाळा."

नूतन मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथं पाऊस भुरभुरत होता. "मोगऱ्याखाली तुम्ही खणलंय," ती म्हणाली. "मी तेव्हाच बघितलं होतं. कुत्र्यानं उकरलं असेल म्हणून सोडून दिलं. पण खुरपं धुऊन ठेवलं होतं. कुत्रा खुरपं धुत नाही. काय केलंय तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. साकव, घोट्याएवढं पाणी, अंगठा, बनाबाई, कोपरा. ऐकताना तिचा चेहरा बदलत गेला. भीती मला चालली असती. ती भीती नव्हती.

"तुम्ही त्या बाईच्या तोंडावर खोटं बोललात," ती म्हणाली. "तिनं जमीन चाचपली, आणि तुम्ही तिथं बसून चहा प्यालात."

"काय करू आता?"

"उद्या जा. तिला खरं सांगा. आणि इथं घेऊन या. तिचा आहे तो."

६

बनाबाईंना सांगायला मला फार शब्द लागले नाहीत. त्या शेणी रचत होत्या. हातातली शेणी त्यांनी तशीच धरून ठेवली आणि ऐकलं.

"म्हंजी आला न्हाई तवा," त्या सावकाश म्हणाल्या, "तुमच्याकडं व्हता."

"हो."

"बरा हाय?"

या प्रश्नाला मी तयार नव्हतो. त्या शिव्या देतील, रडतील, तक्रार करीन म्हणतील, हे सगळं मी वाटेत मनाशी घोळवलं होतं. "त्याचे हात फार गार असतात," मी म्हणालो.

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा इरकली लुगडं नेसलेल्या होत्या. हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या. आम्ही उतरून फाट्यावर आलो. मोटारसायकलवर त्या कधी बसल्या नव्हत्या, माझ्या खांद्याला घट्ट धरून बसल्या. हायवेला लागल्यावर कानाजवळ म्हणाल्या, "पेटी उगडू दिली न्हाई मला. त्योच हाय का, ह्ये बी बगू दिलं न्हाई. कडी वाजली तवा समजलं, त्योच हाय."

साडेसहाला आम्ही पोचलो. आई ओसरीत केस विंचरून बसलेली होती. "पाहुण्या आल्यात," मी सांगितलं. आईनं सरकून खाटेवर जागा केली. दोघी म्हाताऱ्या शेजारी बसल्या, भाताचं, पावसाचं बोलत. मी आणि नूतन आतल्या खोलीत, पडद्याच्या मागं. नूतननं टीव्ही लावला नाही.

७

कडी वाजली.

दोघींचं बोलणं थांबलं.

पडदा आणि चौकट यांच्या मधून मला बोटभर दिसत होतं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पायरीवर कुणीतरी बसलेलं होतं, आमच्याकडे पाठ करून. हिरवट स्वेटर, खांद्यांवर ओला काळा पडलेला. बारीक कापलेले केस. जरा पुढं आलेला एक कान, आणि त्या कानाच्या पाळीवर काहीतरी पांढरं. मला साबणाचा फेस वाटला. तो वितळत नव्हता.

नूतनची नखं माझ्या मनगटात रुतली होती. तिलाही दिसत होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

बूट निघाले. पाणी ओतलं गेलं. मग तो उठला, आणि उठल्यावर मला दिसेनासा झाला. फक्त ओली पावलं फरशीवर उमटत खाटेच्या दिशेनं आली.

बनाबाईंनी मान वर केली नव्हती. सात वर्षांची सवय. फडक्याची गाठ सोडत त्या हळूच म्हणाल्या, "आलास का मानशा?"

पावलं थांबली.

मी इतकं मनापासून कधी देवाला काही मागितलं नव्हतं. जा, मी म्हणत होतो, जा तिच्याकडे.

"कोन मानशा?" आई हसून म्हणाली. "माजा स्वरूप हाय त्यो. ये रं बाळा, बस."

पावलं आईच्या बाजूला वळली. खाटेची नवार दबली. आईनं हात पुढं केला, आणि हवेतच, एखाद्याचं डोकं कुरवाळावं तसा तो फिरत राहिला.

बनाबाईंनी सोडलेली गाठ पुन्हा बांधली. भाकऱ्या खाटेवर ठेवल्या, आई आणि त्या रिकाम्या जागेच्या मधोमध, आणि उठल्या.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. "मावशी, मी उद्या तुमच्या अंगणातली माती घेऊन जातो. जिल्ह्याला जातो, सांगतो सगळ्यांना. नोकरी गेली तर जाऊ दे. बदलून घेतो."

"आता कशापायी उकरताय?" त्या म्हणाल्या. "हितली माती त्याच्या आंगनाची म्हनून सांगितलीत तुमी. त्यो बी काय करंल? सांगितलं तिथं गेला. जलमभर त्येनं त्येच केलं."

मी त्यांना पाखरमाळावर पोचवायला गेलो. अंगणात पोचल्यावर, दाराचं कुलूप काढताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांजच्याला कडी वाजली न्हाई, तर मला चूल पेटवू वाटत न्हाई, भाऊसाहेब."

८

तरी मी जिल्ह्याला गेलो. लेखी कबुली दिली. स्मारकाचं काँक्रीट ओतून झालं होतं. कुणीतरी कागद ठेवून घेतला, चौकशी होईल म्हणाले. अजून व्हायची आहे.

आईलाही सांगितलं. तिचे दोन्ही हात धरून सांगितलं, की संध्याकाळी येतो तो मी नाही. "माज्या लेकाला मी वळखत न्हाई व्हय?" ती म्हणाली आणि हात सोडवून घेतले. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मी नोव्हेंबरात घेतली होती. आई आली नाही. म्हणाली, मला हवं ते दिसतंय.

नूतन सहा वाजले की स्वयंपाकघराचं दार लावून घेते. सात वाजता उघडते. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

आणि मी पाखरमाळावर जातो. आधी आठवड्यातून दोनदा जात होतो, आता रोज. काम उरकलं की फाट्यावर थांबतो, साडेसहाची एसटी जाऊ देतो, मग चढतो. बांबूचं फाटक उघडतो. पायरीवर बसून बूट काढतो. बनाबाई चुलीपुढं पाठमोऱ्या असतात. त्या मला भाऊसाहेब म्हणत नाहीत, कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत. मागं वळून बघतही नाहीत. मी जेवतो, हात धुतो आणि निघतो. भिंतीवरच्या फोटोकडे बघायची हिंमत मला अजून झालेली नाही. किकवीला पोचेपर्यंत आई झोपलेली असते.

यंदा सव्वीस जुलैला त्याच हॉलमध्ये पुन्हा खुर्च्या लागल्या, नावं वाचली गेली. मानसिंगच्या नावाला मीही "अमर रहे" म्हणालो. दोन मिनिटं मान खाली घातली. मागून कुणी आलं नाही. येण्याचं कारणच उरलं नव्हतं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी मार्गासनीच्या पुढं दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. पाखरमाळाला जाता येईना, म्हणून मार्गासनीतच दिवस काढून मी सहालाच घरी आलो. नूतन गिरणीत गेली होती. आई ओसरीत एकटीच बसली होती, केस विंचरून. किती महिन्यांनी मी तिला संध्याकाळच्या उजेडात बघत होतो. मी आत गेलो नाही. खाटेवर तिच्या शेजारी बसलो आणि तिचा हात हातात घेतला.

तिनं तो लगेच काढून घेतला. पदर सावरून ती जरा लांब सरकली.

"कोन हाय?" तिनं विचारलं. "कुनाकडं आलाय तुमी?"

आई मला आयुष्यात कधी "तुमी" म्हणाली नव्हती. मी आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. तिचा चेहरा माझ्याकडे होता, कुठल्या परक्या माणसाकडे असावा तसा, थोडा घाबरलेला, थोडा आदबीचा.

"ग्रामपंचायतीतून आलोय," मी म्हणालो. "जरा काम होतं."

"मग बसा की," आई म्हणाली. "स्वरूप यीलच इतक्यात."